‘गॅस फी’ला मराठीत काय म्हणावं?

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात भाच्यानं घरबसल्या संगणकाचं काम केलं. मोबदला इथेरियम या ब्लॉकचेनवर (म्हणजे व्यवहारांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर), यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या मोलाच्या डिजिटल नाण्यात आला. तो पुढं पाठवायला गेला तर मोबाइलवर मराठी ओळ उमटली: ‘अपुरा वायू’. घरात कोणालाच अर्थ लागला नाही. ते इंग्रजी ‘गॅस’चं भाषांतर होतं; ब्लॉकचेनवर व्यवहार करायला जो खर्च भरावा लागतो, ती ‘गॅस फी’. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, तो हा गॅस; वायू नव्हे. आणि ही फी ज्यात भरतात त्या ब्लॉकचेनच्या स्वतःच्या नाण्याला, ‘नेटिव्ह टोकन’ला, काय म्हणावं? ‘स्थानिक’ मला पटत नाही, ब्लॉकचेनला गावशीव कुठली?

— सरळ ‘व्यवहार शुल्क’ म्हणा ना. बाजार समितीत हमाली-तोलाई असते तसंच.

— नाही भाऊ, तसं नाही. हमाली-तोलाई पट्टीतून कापतात, म्हणजे विकल्या मालाच्याच पैशातून. इथं तसं कापल्या जात नाही. ट्रॉलीत वीस क्विंटल कापूस असंन, पण ट्रॅक्टरमधी डिझेल नसंन तर जिनिंगवर जाईन कसा? टाकीत कापूस भरता येते काय? भाच्याचा यूएसडीटी हा कापूस, इथेरियमचं स्वतःचं नाणं ईथर हे डिझेल. सोलाना या दुसऱ्या ब्लॉकचेनवर तेच डिझेल म्हणजे तिथलं नाणं सोल.

— डिझेलचा दाखला नेमका आहे, कारण ‘गॅस’ हे रकमेचं नावच नाही, मापाचं आहे, लिटरसारखं. साध्या ईथर पाठवणीला २१,००० गॅस लागतो. एका गॅसचा भाव असतो ग्वेईत. एक ग्वेई म्हणजे ईथरचा शंभर कोटीवा भाग. भाव १० ग्वेई असला तर खर्च ०.०००२१ ईथर. म्हणून गॅस म्हणजे ‘इंधन’ आणि गॅस फी म्हणजे ‘इंधनखर्च’. ऑगस्ट २०२१ मध्ये इथेरियमच्या नियमांत झालेल्या ‘लंडन’ बदलापासून त्यातला मूळ शुल्काचा (‘बेस फी’चा) भाग जाळला जातो, ते ईथर कायमचं नाहीसं होतं.

— अन् ट्रॅक्टर चिखलात फसला तरी डिझेल जळतेच.

— हो, अयशस्वी व्यवहारातही खर्च झालेलं इंधन परत मिळत नाही. पण ‘फसलेला व्यवहार’ लिहू नये, वाचणाऱ्याला फसवणूक वाटेल. ‘फिसकटलेला’ बरा.

— नेटिव्हसाठी ‘घरचं नाणं’ घ्या. सोयाबीनचं घरचं बियाणं अन् विकतचं बियाणं, हा फरक इथं कोणालेही समजते. ईथर इथेरियमच्या घरचं. यूएसडीटी बाहेरच्या कंपनीनं काढलेलं, अनेक ब्लॉकचेनवर फिरणारं.

— घेतलं. एका मित्रानं थोडं ईथर पाठवलं तेव्हा भाच्याचं काम झालं. ‘इंधनाला ईथर कमी पडतं’ एवढं लिहिलेलं असतं, तर त्याचे दोन दिवस वाचले असते.