ट्रेलरचे दिवे: वीज त्याच्या बॅटरीची की ओढणाऱ्या गाडीची?

दिवेवाला
ट्रेलरचे दिवे त्याच्यावर बसवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालावेत, असं माझं ठाम मत आहे. गाडीकडून फक्त इशारा घ्यायचा. टेल, ब्रेक, डावा-उजवा इंडिकेटर, प्रत्येकाला एक रिले, म्हणजे छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांच्या आकड्यांनुसार जोडणी अशी: ८६ ला गाडीची वायर, ८५ ला निगेटिव्ह, ३० ला बॅटरी, ८७ वरून दिवा. २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब मिळून ३.५ अँपिअर ओढतात. दीड चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम, जाऊन-येऊन २० मीटर झाले तर ०.८ व्होल्ट वायरीतच जिरतो. तेवढ्याने फिलामेंटचा उजेड जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो. रिलेच्या कॉइलला (आतला स्विच ओढणाऱ्या वेटोळ्याला) ०.१५ अँपिअरच्या आसपास पुरतात, तिला हा तोटा जाणवतही नाही.

तांब्याची तार
साफ असहमत. ती बॅटरी भरणार कोण? उतरली की ब्रेकलाइट गुपचूप बंद, आणि चालकासमोरचा इंडिकेटरचा बाण मात्र नेहमीसारखा लुकलुकतो. मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा. उजेड कमी पडतोय ना, मग अडीच चौरस मिमी वायर टाका, तोटा ०.५ व्होल्टवर येतो. एलईडी लावलेत तर तोही प्रश्न मिटला.

शिवाय इंडिकेटरचा रिले मिनिटाला ९० वेळा टकटकतो. पूर्ण भारावर त्याचं आयुष्य साधारण १ लाख वेळांचं. हिशोब करा, इंडिकेटर चालू असण्याचे जेमतेम १८-१९ तास.

फ्यूजपेटी
दोघांचंही एका जागी चुकतंय. बऱ्याच नव्या गाड्या दिव्याला सलग वीज देतच नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी देतात, आणि बल्ब शाबूत आहे का हे बारीक ठोक्यांनी तपासतात. अशा वायरीवर साधा रिले थरथरतो, नुसता एलईडी बंद असतानाही मिणमिणतो आणि गाडी ‘बल्ब गेला’ म्हणून ओरडते. तिथे ट्रेलर मॉड्यूलच हवं, म्हणजे गाडीचे इशारे वाचून ट्रेलरचे दिवे चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी: वीज गाडीच्या बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून, दिव्याच्या वायरींवरून फक्त इशारा.

दिवेवाला
इंडिकेटरचा मुद्दा मान्य, तिथे रिलेऐवजी मॉसफेट, म्हणजे हलणारा भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवावा. बॅटरी भरायला गाडीकडून फ्यूज लावलेली वेगळी वायर आणता येते. पण गाडी सोडून ट्रेलर अंधारात रस्त्याकडेला उभा राहिला तर तुमचे दिवे कशावर लागणार?

तांब्याची तार
त्यासाठी फक्त टेललाइट पुरेत, ब्रेकलाइट बॅटरीवर कशाला? पाच पायांचा रिले घ्या. ३० ला टेललाइट, ८७ आणि ८६ ला गाडीची टेलची वायर, ८५ निगेटिव्हला, ८७ए ला (रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो तो पाय) स्विचमधून ट्रेलरची बॅटरी. गाडीचे दिवे लागले की रिले आपोआप गाडीकडे वळतो आणि बॅटरीची वीज उलटी गाडीत शिरत नाही. या दोन वायरी नुसत्या एकत्र पिळल्या तर नेमकी तीच शिरते. ७ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी ०.३ अँपिअर घेणारे एलईडी ११ तास जळतात. ५ वॅटचे तीन बल्ब असतील तर तीन तासही नाही.

फ्यूजपेटी
ही जोडणी पटली. फक्त फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडे वायर घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

आणि निगेटिव्ह हूकच्या गोळ्यावर सोडू नका. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, खड्ड्यात संपर्क सुटतो. प्लगमधून स्वतंत्र निगेटिव्ह वायर आणा, चेसिसचा रंग घासून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बोल्टने आवळा. ब्रेक दाबल्यावर टेललाइट मंदावले किंवा इंडिकेटरबरोबर सगळेच दिवे लुकलुकले, तर बल्ब बदलत बसू नका, आधी निगेटिव्ह तपासा. मीटर लावायचा तो ब्रेक दाबलेला असताना: एक टोक बल्बच्या निगेटिव्हला, दुसरं गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर जोड सैल आहे किंवा गंजलाय.

दिवेवाला
निगेटिव्हबाबत वाद नाही. पण लांब ट्रेलरवर जुने बल्बच असतील, तर ब्रेकला मी रिले लावणारच. त्याला वीज मात्र गाडीच्या बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरीतून देईन.

तांब्याची तार
वीज गाडीची असेल तर माझी हरकत नाही.