हानियाच्या जुन्या बंदरभागात मुक्काम

ग्रीसमधील क्रीट बेटावरील हानिया शहराचा जुना बंदरभाग एका दुपारात पाहून होतो, त्यासाठी तिथे मुक्कामाची गरज नाही, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दिवसा धक्क्यावर इतकी गर्दी असते की व्हेनिसच्या राजवटीत बांधलेल्या गलबतांच्या गोद्या आणि १८३० च्या दशकात इजिप्शियन अमलात पुन्हा उभारलेले दीपगृह यांच्याकडे नीट लक्षच जात नाही. पहाटे मात्र मासेमारीच्या होड्या परत येत असताना तोच धक्का आपला वाटू लागतो.

राहण्यासाठी मी स्प्लांझिया हा भाग सुचवेन. तेथील संत निकोलसच्या चर्चला एका बाजूस घंटाघर आणि दुसऱ्या बाजूस दोन सज्जांचा मिनार आहे, कारण १६४५ मध्ये शहर ऑटोमन तुर्कांनी जिंकल्यावर या चर्चची मशीद झाली आणि पुढे ती वास्तू पुन्हा चर्च झाली. चौकातल्या झाडाखाली कॉफी घेत ही दोन्ही टोके एकाच नजरेत पाहणे, हे मला त्या शहराचे सर्वात खरे दर्शन वाटले.

पाण्याकाठच्या खोल्यांतून देखावा सुंदर दिसतो, पण खानावळींचा गलबला रात्री उशिरापर्यंत चालतो. जुन्या घरांतील जिने अरुंद आणि उभे असतात, गल्ल्यांत मोटार शिरत नाही. त्यामुळे ज्येष्ठ मंडळी सोबत असल्यास तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी आणि सामान हलके ठेवावे.