जपानी धाटणीच्या जादुई वस्तू: कॅम्पेनसाठी सल्ला हवा

कोपऱ्यातला_डीएम

मंडळी, नमस्कार. दर दुसऱ्या रविवारी पुण्यात आमच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा. पाच जण, सगळं बोलणं मराठीत, दीड वर्ष एकच कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी कथा. पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पाचव्या लेव्हलला आली आहे. पुढच्या महिन्यात त्यांचं जहाज एका बेटाला लागेल. ते बेट मी मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) जपानवर बेतलंय.

वस्तूंची यादी केली होती: प्लस टू (फाशाच्या आकड्यात दोन मिळवणारी) कताना तलवार, फेकल्यावर हातात परत येणारं शुरिकेन (फेकायचं धारदार पातं), निंजाचा काळा झगा, आग ओकणारा पंखा. माझी बहीण जपानी शिकते. तिला यादी दाखवली तर ती म्हणाली, "ह्यांची नावं बदलून हीच खजिन्याची पेटी युरोपातल्या किल्ल्यात ठेवलीस तर काय बिघडेल?" काहीच बिघडलं नसतं. तेव्हापासून यादी बाजूला ठेवलीय.

पार्टीत बार्ड (गायक-वादक), रोग (चोर), क्लेरिक (पुरोहित), फायटर (योद्धा) आणि मंक (लढवय्या साधू) आहेत. प्रत्येकाला अशी वस्तू हवी की जिच्यामागे खरीखुरी कथा किंवा रीत असेल. नियमांत कसं बसवायचं तेही सुचलं तर जरूर लिहा.

निशिगंध

सुरुवात तलवारीपासून करू नका, अडगळीच्या खोलीपासून करा. जपानी लोककथांमध्ये वापरातली वस्तू शंभर वर्षांची झाली की तिच्यात जीव येतो. अशा वस्तूला त्सुकुमोगामी म्हणतात. मुरोमाची काळातच यावर एक चित्रकथा झाली. वर्षअखेरीच्या साफसफाईत लोक जुनी भांडीकुंडी रस्त्यावर टाकतात, इतकी वर्षं राबवून घेऊन असं फेकलं म्हणून ती चिडतात आणि राक्षस होऊन सूड घ्यायला निघतात. त्यांच्यात एक जपमाळ असते. ती म्हणते सूड नको, तर बाकीच्या वस्तू तिलाच मारतात. मला ती जपमाळ फार आवडते. तुमच्या मंकला तीच द्या.

म्हणजे वस्तूची ताकद ती घडवणाऱ्या मांत्रिकाकडून येत नाही. किती वर्षं वापरली आणि कशी वागवली, यातून येते. हे एकदा धरलंत की बाकीचं आपोआप सुचेल. एका पायावर उड्या मारणारी छत्री किंवा गवती चप्पल विनोदी वाटेल, पण तिला "तू मला का टाकलंस?" असं विचारू द्या आणि टेबलावर काय होतं ते बघा.

दुसरी रीत म्हणजे हारी-कुयो. तुटलेल्या, वाकलेल्या सुयांची ८ फेब्रुवारीला, काही ठिकाणी ८ डिसेंबरला देवळात नेऊन पाठवणी करतात. आयुष्यभर जाड कापडात घुसलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून ती तोफूत (सोयाबीनच्या पनीरात) टोचून ठेवतात. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पूजतात ते खेळाडूंना माहीत असेलच. इथे मात्र अवजाराला निरोप देतात. तोफूत रोवलेल्या शंभर सुया हे दृश्य तुमच्या बेटावर असलंच पाहिजे.

फासे_आणि_चहा

बार्डसाठी गेंजो नावाची बिवा. ल्यूटसारखं तंतुवाद्य. 'कोंजाकु मोनोगातारी' या जुन्या कथासंग्रहात तिची गोष्ट आहे. राजवाड्यातून बिवा नाहीशी होते. मिनामोतो नो हिरोमासा हा वादक रात्री तिचा आवाज ओळखतो, आवाजामागे चालत राशोमोन वेशीपर्यंत जातो. वरच्या मजल्यावर कोणीतरी वाजवत असतं. तो विचारतो, कोण आहे? वादन थांबतं आणि बिवा दोरीला बांधून हळूच खाली सोडली जाते. वाजवणारा ओनी, म्हणजे राक्षस, पण अप्रतिम वाजवणारा.

पुढे त्यात लिहिलंय की ही बिवा जणू जिवंत होती. अडाण्याने वाजवली तर रागावून आवाज काढत नसे, धूळ पुसली नाही तरी रुसत असे, आणि वाड्याला आग लागली तेव्हा कोणी बाहेर काढली नसताना अंगणात सापडली. नियम तर कथेतच तयार आहेत! तीन चार्ज (जादूचे वापर) द्या. लाँग रेस्टमध्ये (रात्रभराच्या विश्रांतीत) ती पुसली, असं खेळाडूने स्वतःहून सांगितलं तरच चार्ज परत येतील. डीएमने आठवण करायची नाही. परफॉर्मन्सचा (वादनाचा) फासा बाराच्या खाली पडला तर पहाटेपर्यंत मौन. आणि पार्टी झोपेत असताना आग लागली, तर पहिली बिवा बाहेर.

नागोयाकर

मी अत्सुता देवस्थान असलेल्या शहरात राहतो म्हणून एक विनंती. कुसानागी तलवार लुटीत देऊ नका. सुसानोओ या देवाने आठ तोंडांच्या सापाच्या शेपटीतून ती काढली, ही 'कोजिकी' या प्राचीन ग्रंथातली कथा मोहात पाडते, मान्य. पण ती आजही राजघराण्याच्या तीन पवित्र वस्तूंपैकी एक आहे. अत्सुतात ती कोणाला दाखवत नाहीत, २०१९च्या राज्यारोहणातही खड्ग आणि मणी बंद पेट्यांतूनच आणले होते. जी वस्तू बघताच येत नाही ती पाचव्या लेव्हलच्या फायटरच्या कमरेला कशी लटकवणार? हवं तर बंद पेटी द्या, जी पार्टीने न उघडता पोचवायची आहे.

त्यापेक्षा ओमामोरी घ्या. देवळात मिळणारी रेशमी पिशवी, आत ताईत. दोन गोष्टी इथलं लहान मूलही सांगेल. पिशवी उघडायची नाही, आणि साधारण वर्षाने देवळात परत द्यायची, तिथे ती विधीपूर्वक जाळतात. खेळात एका सेव्हला (संकटातून बचावायच्या फाशाला) मदत करणारी साधी वस्तू पुरे, पण मुदतीची. मुदत संपली की परत करायला त्याच डोंगरावर चढायचं. पार्टीला बेटावर पुन्हा आणायचं कारणही मिळालं.

सह्यवारा

रोगसाठी काकुरेमिनो, तेंगूचा (डोंगरातल्या लांब नाकाच्या भुताचा) अदृश्य करणारा गवती अंगरखा. आपल्या इरल्यासारखा पावसाळी प्रकार. कथेत एक पोरगा साध्या बांबूच्या नळीतून लांबचं दिसतं असं भासवून तेंगूकडून तो लाटतो. घरी आई घाणेरडं गवत समजून जाळून टाकते. पोरगा राख अंगाला फासतो, तर राखेतही गुण उरलेला! मग दारूच्या दुकानात जाऊन पितो, ओठांवरची राख धुतली जाते आणि हवेत नुसतं तोंड दिसतं.

मी अंगरखा देणारच नाही, राखेची पुडी देईन. तीन वापर. पाणी, घाम, रक्त, जिथे ओल लागेल तिथला अवयव दिसू लागतो. आमच्या टेबलावर असलं काही दिलं की एरवी गप्प बसणारेही बोलू लागतात.

निशिगंध

क्लेरिकसाठी उचिदे नो कोझुची, इच्छा पुरवणारी हातोडी. इस्सुन-बोशी हा इंचभर उंचीचा मुलगा ओनीला हरवतो, ओनी हातोडी टाकून पळतो आणि तिच्या जोरावर मुलगा पूर्ण उंचीचा होतो. हीच हातोडी दाइकोकुतेनच्या हातात असते, आणि दाइकोकुतेन म्हणजे मुळात आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेला आणि भाताच्या पोत्यांवर उभा असलेला हसरा देव झाला. बेन्झाइतेन ही सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा. गणपतीही आहे, कांगितेन नावाने. तोक्योत आसाकुसाजवळच्या देवळात त्याला मुळा वाहतात. तुमचे खेळाडू मराठी आहेत, तर क्लेरिकला अनोळखी देवळात ओळखीचा चेहरा दिसू द्या. हातोडी नंतर दिलीत तरी चालेल.

फासे_आणि_चहा

फायटरला तलवार हवीच असेल तर प्लस टू नको. जपानी तलवारीवर कारागिराची सही मुठीच्या आतल्या, झाकलेल्या भागावर असते. मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की नाव दिसतं. म्हणून वस्तूची जादू ओळखणाऱ्या 'आयडेंटिफाय' मंत्राला काहीच कळू देऊ नका. साधी प्लस वन म्हणून वापरू दे. मूठ उतरवून नाव वाचलं की मगच अट्यून होता येईल, म्हणजे तिच्याशी नातं जुळून खरी जादू वापरता येईल, आणि त्या वेळात तो निःशस्त्र असेल.

कोपऱ्यातला_डीएम

पहिलं सेशन झालं. सुयांचं देऊळ ठेवलं होतं. रोगने सवयीने तोफूतली एक सुई उचलली, मग कोणी काही न बोलता परत टोचली. बिवा तिसऱ्या सत्रात येईल, मूठ उतरवायची कल्पना तर सरळ घेतलीच आहे. जपमाळ मंकला मिळाली, तिने पहिल्याच रात्री त्याच्याशी वाद घातला.

एक गोष्ट मी ठरवली नव्हती. बंदरावरच्या दुकानात फायटर जुना भाला विकणार होता, पहिल्या लेव्हलपासूनचा, साधा, कसलीही जादू नसलेला. छत्रीची गोष्ट ऐकल्यावर त्याने तो परत घेतला आणि मला विचारलं, ह्याचं वय किती? मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगतो. नव्याण्णव सांगावं असं मनात आहे. निशिगंधताई, शंभरावं वर्ष लागतं त्या रात्री भाल्याने पहिलं वाक्य काय बोलावं?