मदत हवी आहे: पाळणाघराबद्दल तक्रार करायची तर नेमकी कुणाकडे?

अडीचवर्षांचीआई:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

लेक अडीच वर्षांची. सकाळी प्लेग्रुप आणि दुपारी तिथेच डेकेअर, असं सहा महिने चाललंय. आम्ही दोघंही नोकरीवाले, घरी दुसरं कुणी नाही. मागच्या आठवड्यात तिला आंघोळ घालताना दंडावर बोटांचे वळ दिसले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ताई म्हणाल्या, "खेळताना लागलं असेल." त्या "असेल"वर मी अडले. म्हणजे कुणी पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं पण सांगायचं नव्हतं?

सीसीटीव्ही दाखवा म्हटलं तर उत्तर, "इतर मुलांच्या प्रायव्हसीचा प्रश्न येतो." त्याच मुलांचे फोटो रोज इन्स्टावर टाकताना हा प्रश्न येत नाही, पण ते असो.

मालकीणबाईंना विचारलं, तुमचं लायसन्स कुणाचं? त्यांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली. शॉप ॲक्ट! फ्रँचायझी आहे म्हणून मुख्य कार्यालयाला फोन केला. ते म्हणतात आम्ही फक्त नाव आणि अभ्यासक्रम देतो, रोजचं सेंटरवाल्यांनी बघायचं. नवरा शिक्षण विभागाच्या कार्यालयात जाऊन आला. "पहिलीच्या आतलं आमच्याकडे नाही, महिला व बालविकासला विचारा." तिथे गेला तर, "आमच्याकडे अंगणवाड्या."

तर प्रश्न असा, की या लोकांवर कुणी आहे की नाही? आणि मी आता काय करू? मला कुणाला आयुष्यातून उठवायचं नाहीये. माझ्या मुलीला काय झालं ते कळायला हवं, बस.

कलमबहाद्दर:

व्यवसायाने वकील, पण हा फुकटचा सल्ला आहे, त्याच बेताने घ्या.

तुमच्या नवऱ्याला दोन्हीकडे मिळालेली उत्तरं चीड आणणारी आहेत, पण थापा नाहीत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही हे त्याचं कलम १८, पण ते या प्राथमिक शिक्षणापुरतं. सहाच्या आतल्यांसाठी कलम ११ आहे, त्यात सरकार पूर्वप्राथमिकची सोय "करू शकेल" एवढंच. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी नियमावली काढली आहे. त्यात २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, पालक-शिक्षक संघ, सगळं आहे. पण ती मार्गदर्शक तत्त्वं. राज्याने नियम करून दात बसवल्याशिवाय ती चावत नाहीत.

आणि ती शॉप ॲक्टची फ्रेम! आपल्या राज्यात २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन कळवलं की झालं. तो कायदा कामगारांच्या कामाच्या तासांसाठी आहे. मुलांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आता कामाचं. लायसन्स नसलं म्हणून जबाबदारी सुटत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने मारहाण केली किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हेच मुलं सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोकराने किंवा चालकाने केलं तर पाच वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्यासाठी पोलीस ठाणं आहेच, शिवाय जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. राज्य बालहक्क आयोगाकडेही अर्ज करता येतो. १०९८ वर फोन लावला तरी पुढचा रस्ता सांगतात. लैंगिक स्वरूपाची जरा जरी शंका असेल तर मात्र सेंटरशी चर्चा करत बसू नका, सरळ पोलीस. पॉक्सोखाली ते कळवणं ऐच्छिक नाही.

निवृत्तपर्यवेक्षिका:

बाळा, आधी डॉक्टरांना दाखव. वळ जायच्या आत. केसपेपरवर काय दिसलं आणि कोणत्या तारखेला, ते लिहून घे. फोटो काढले असशीलच.

मी एकात्मिक बालविकासमध्ये नोकरी केली. आमच्या अंगणवाडीला लोक नाकं मुरडतात, गळकं छप्पर म्हणतात, आणि कुठेकुठे ते खरंही होतं. पण मी न सांगता जायची. हजेरीपट बघायची, मुलांच्या वजनाच्या नोंदी बघायची, आहाराचा साठा मोजायची. सेविकेला घाम फुटायचा. तुमच्या त्या एसी वर्गात असं न सांगता आत येणारं कोण आहे?

एक विचारते. दुपारी तीन वाजता तिथे किती मुलं आणि किती बायका असतात? सकाळी दहाचं सांगू नकोस. प्रवेश घेताना सगळे सकाळची वेळ दाखवतात. दुपारी शिक्षिका घरी जातात, मुलं झोपायची असतात, काही झोपत नाहीत, कुणी ओलं करतं, आणि एकटी मदतनीस सगळ्यांना पुरे पडत नाही. मुलाचा दंड धरून ओढणं तेव्हा होतं. समर्थन करत नाहीये, कुठे शोधायचं ते सांगतेय.

दुरूनबोलतो:

आई घरी असती तर ही वेळच आली नसती. स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमस्व.

कलमबहाद्दर:

@दुरूनबोलतो, बाबा घरी असते तरी आली नसती. पुढे चला.

नर्सरीतलीमावशी:

मी इंग्लंडमध्ये नर्सरीत काम करते. इथे ऑफस्टेडकडे (शाळा-नर्सऱ्या तपासणारी सरकारी संस्था) नोंदणी केल्याशिवाय असं सेंटर उघडताच येत नाही. दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस, दोन वर्षांच्यांना पाचामागे एक. तपासणीचा अहवाल कुणीही घरबसल्या वाचू शकतं.

पण इथे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. दोन तपासण्यांमध्ये वर्षं जातात. रोजच्या रोज आम्हाला ताळ्यावर ठेवतो तो साधा कागद. मुलाला काहीही लागलं की वेळ, जागा, कुणी पाहिलं, काय उपचार केले हे लिहायचं आणि त्याच दिवशी पालकांना सांगायचं. आमच्याकडे त्यावर पालकांची सही घेतात. उलटही आहे: मूल सकाळी येतानाच खरचटलेलं असेल तर तेही लिहून आईबाबांची सही. त्यामुळे "घरीच लागलं असेल" आणि "तिकडेच लागलं असेल" हे भांडणच उरत नाही. ही वही ठेवायला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही. मागून बघा.

प्लेस्कूलवाली:

मी याच धंद्यात आहे, त्यामुळे दगड खायची तयारी ठेवून लिहिते.

फुटेजची कॉपी मीही देणार नाही, पण पालकाला समोर बसवून दाखवेन. तुम्ही कॉपी मागू नका, "बघायचं आहे" म्हणा, आणि आजच ईमेल करा. तारीख, वेळ लिहून "हे फुटेज जपून ठेवा" असं त्यात स्पष्ट लिहा. बहुतेक मशीन काही दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड करतात. ईमेलनंतर ते पुसलं गेलं तर त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. तोंडी मागण्याला अर्थ नाही.

लायसन्सचं म्हणाल तर मला हवंय. खरंच. मी पडताळणी करून, दोन जादा बायका ठेवून चालवते, आणि शेजारच्या गल्लीत कुणी एका फ्लॅटमध्ये वीस मुलं कोंबतं. पालकांना बाहेरून दोघींचे कार्टून रंगवलेले दरवाजे सारखेच दिसतात.

अडीचवर्षांचीआई:

सगळ्यांचे आभार. @निवृत्तपर्यवेक्षिका, तुमचं "बाळा" वाचून रडले.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी गेलो, केसपेपर आहे. ईमेल केला, बाल न्याय कायद्याच्या कलमाचा नुसता उल्लेख केला, आणि दोन तासांत फोन आला की या, बघून जा.

फुटेजवर वेळ तीन वाजून दहा मिनिटं. चौदा मुलं, एक मदतनीस. माझी लेक घसरगुंडीवर उलटी चढत होती. खाली दुसरं मूल होतं. मदतनीस धावत आली, दंडाला धरून खेचलं आणि तसंच लोंबकळत नेऊन गादीवर आपटल्यासारखं बसवलं. पुढची अकरा मिनिटं लेक रडतेय आणि कुणी फिरकत नाही. ती अकरा मिनिटं मी पूर्ण पाहिली.

मालकीणबाई म्हणाल्या, उद्यापासून त्या बाईला काढते. मी म्हटलं, बाईला काढून चौदाला एक हे गणित बदलणार आहे का? त्यावर त्या गप्प.

लेकीला तिथून काढलं. बाल कल्याण समितीकडे अर्ज लिहायला घेतलाय, त्यात मदतनीसबाईपेक्षा दुपारच्या माणसांची संख्या आधी लिहिली आहे. @कलमबहाद्दर, मसुदा व्यक्तिगत निरोपाने पाठवते, एकदा नजर टाकाल?

आणि अजून एक सांगा. उरलेल्या तेरा जणांच्या आईबाबांना हे कळवायचं आहे. पण माझ्याकडे कुणाचेच नंबर नाहीत. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात फक्त ॲडमिनला लिहिता येतं, आणि ॲडमिन मालकीणबाई आहेत.