सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स गेममध्ये बनवतोय, नकाशा तंतोतंत जुळतो पण खेळताना तो कोर्स वाटतच नाही

सतरावं_होल

नमस्कार मंडळी, चार महिने झाले रोज रात्री तास-दीड तास बसून ओल्ड कोर्स, म्हणजे स्कॉटलंडमधलं ते जुनं गोल्फचं मैदान, गोल्फच्या गेममध्ये बनवतोय. स्कॉटलंडच्या सरकारी पोर्टलवरचा लायडार डेटा (लेझरने मोजलेली जमिनीची उंची) घेतला, एक मीटरचा, ओपन स्ट्रीट मॅपवरून होलांच्या आउटलाइन घेतल्या, दोन्ही टूलमधून घालून जमीन तयार केली आणि पहिल्यांदा लोड झालं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. पहिलं आणि अठरावं होल एकाच लांबरुंद फेअरवेवर, त्याला आडवा छेदत जाणारा ग्रॅनी क्लार्क्स विंडचा रस्ता, सातही डबल ग्रीन (दोन होलांची भोकं असलेली एकच बारीक कापलेली हिरवळ) जागच्या जागी, दुसऱ्याची सोळाव्यासोबत, तिसऱ्याची पंधराव्यासोबत, प्रत्येक जोडीची बेरीज अठरा.

पण खेळायला लागलो आणि सगळं बिनसलं. ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, एकेक मोजून बसवलेत, पण सगळे बशीसारखे उथळ. चौदाव्याच्या हेल बंकरमधून मी सात नंबरच्या आयर्नने थेट ग्रीनकडे मारला आणि पोचला पण! १९९५ च्या ओपन स्पर्धेत जॅक निकलॉसला तिथून बाहेर यायला चार फटके लागले होते, होलवर दहा झाले होते त्याचे. सतराव्याच्या रोड बंकरमध्ये तर बॉल जातच नाही, मुद्दाम त्याच्यावर मारला तरच जातो. स्विल्कन बर्न म्हणजे ओढा न वाटता ओली सरी वाटते. आणि अकरावी ग्रीन, तिथे ग्रीनचा स्पीड थोडा वाढवला की पट (पटरने मारलेला घरंगळता फटका) थांबायचं नावच घेत नाही, घरंगळत खाली.

डेटा चुकीचा म्हणावं तर दोन वेळा परत डाउनलोड करून बघितला, तोच आहे. कुठे चुकतंय? हा कोर्स मला नीटच करायचाय, जवळपास करून सोडायचा नाहीये.

वाऱ्यावरची_पिन

डेटा चुकीचा नाही, डेटाला जे दिसत नाही ते तुम्ही त्याच्याकडे मागताय.

लायडार वरून घेतात, विमानातून. पॉट बंकरची भिंत जवळजवळ उभी असते, मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्या एकावर एक रचून बांधलेली, ती वरून दिसणार कशी? मीटरभराच्या ग्रिडमध्ये एक उंची वरच्या काठाची येते, पुढची तळाची, आणि मधे सॉफ्टवेअर सरळ तिरकी रेघ ओढून मोकळं होतं. झाली बशी. बर्नचंही तसंच, पाण्यावरून लेझर बहुतेक परत येतच नाही, त्यामुळे तिथे जमीन अंदाजाने भरलेली असते, आणि बर्नच्या दोन्ही कडा बांधीव आहेत त्या गायब होतात. बर्नवरचा पूल तर झाडं-इमारती काढून टाकलेल्या मॉडेलमध्ये नसतोच. हे सगळं हाताने करावं लागतं, इलाज नाही. सगळ्यात लहान ब्रश घ्या, बंकरचा तळ सपाट खाली दाबा, ग्रीनकडची भिंत शक्य तेवढी उभी करा, ब्रशने जमत नसेल तर भिंतीच्या जागी ऑब्जेक्ट रचा. फोटो समोर ठेवून करा, भिंतीशेजारी माणूस उभा असलेला फोटो शोधा म्हणजे उंची कळते.

पण रोड बंकरचा तुमचा प्रश्न भिंतीचा नाहीये आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे. तो बंकर नकाशावर एवढासा दिसतो पण प्रत्यक्ष खेळात त्याचा पसारा खूप मोठा, कारण आजूबाजूची सगळी जमीन हळूच त्याच्याकडे कललेली आहे. १९७८ च्या ओपनच्या तिसऱ्या फेरीत जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता, पट मारला आणि तो पट वळून बंकरमध्ये गेला, बाहेर यायला चार फटके, होलवर नऊ. पटरने बंकरमध्ये! ही जमिनीची करामत. तो उतार लायडारमध्ये असणारच, थोडा तरी, पण तुम्ही ग्रीन बसवल्यावर स्मूथ ब्रश फिरवला असणार. फिरवला ना?

सतरावं_होल

फिरवला. सगळ्याच ग्रीनवर फिरवला, कारण कच्च्या डेटात बारीक खरखर दिसत होती आणि पट उड्या मारत होता. म्हणजे मीच ते सपाट करून टाकलं.

वाऱ्यावरची_पिन

अहो सगळेच करतात, मी पण केलंय. खरखर काढायला स्मूथ लागतोच, पण अगदी हलका आणि फक्त पटिंगच्या भागावर, ग्रीनच्या कडेपासून बाहेरची दहा-पंधरा यार्ड जमीन अजिबात शिवायची नाही. ओल्ड कोर्स त्या दहा-पंधरा यार्डांतच आहे. अठराव्याची व्हॅली ऑफ सिन बघा, ग्रीनच्या पुढ्यातला खळगा, १९९५ च्या ओपनला इटलीच्या रोक्काने तिथूनच पट घालून प्लेऑफ गाठला होता. तो खळगा अर्धा फूट जरी भरला गेला तरी होल मेलं.

जुनी_हिरवळ

वरचं सगळं पटलं, फक्त त्याच्याही आधीचा एक प्रश्न विचारतो. तुम्ही कोणत्या सालचा ओल्ड कोर्स बनवताय?

हे ठरवल्याशिवाय अकरावी ग्रीन सुटणार नाही. २०१२ च्या शेवटी २०१५ च्या ओपनसाठी कोर्सवर काम झालं. अकराव्या ग्रीनचा मागचा डावा भाग उतार कमी करण्यासाठी खाली घेतला, रोड बंकर अर्धा मीटर रुंद केला, सातव्या फेअरवेतला एक खळगा भरला, दुसऱ्या होलचे काही बंकर हलवले. तुमचा डेटा त्यानंतरचा असेल तर ही बदललेली जमीन आहे, आधीचा असेल तर जुनी. फाइलसोबत सर्व्हेची तारीख असते ती बघा. आणि सतराव्याची टी (पहिला फटका मारायची जागा) तर २०१० ला ४० यार्ड मागे नेली, तेव्हापासून होल ४९५ यार्डांचं. म्हणजे टी आजची, ग्रीन जुनी आणि बंकर तिसऱ्याच फोटोवरून असा कोर्स कोणी कधी खेळलेलाच नाही. त्या भिंती पण दर काही वर्षांनी पाडून नव्याने रचतात, त्यामुळे १९७८ चा रोड बंकर आणि आजचा रोड बंकर यांचा आकार एकच नाही. एक साल धरा आणि त्याला चिकटून राहा.

माझं विचाराल तर १९२४ धरा. अलिस्टर मॅकेन्झीने त्या वर्षी ओल्ड कोर्सचा नकाशा पूर्ण केला, जवळजवळ वर्षभर मोजमाप घेत होता, आणि त्यात बंकर, ग्रीन, उंचवटे सगळं आहे. हा तोच ज्याने पुढे बॉबी जोन्ससोबत अमेरिकेतला ऑगस्टाचा कोर्स केला. तो नकाशा लायडारवर ठेवून पारदर्शक करा आणि सहाव्या-बाराव्या ग्रीनपाशी जाऊन नुसतं बघत बसा, शंभर वर्षांत काय हललं आणि काय तसंच राहिलं ते डोळ्यांसमोर येतं. मी एक अख्खा रविवार त्यात घालवलाय.

आता स्पीड. जुन्या ग्रीनचे उतार ज्या काळात तयार झाले तेव्हा ग्रीन खूप हळू होत्या. १९७० च्या दशकात अमेरिकेत यूएसजीए या तिथल्या गोल्फ संघटनेने स्टिंपमीटरने (उतरत्या पट्टीवरून सोडलेला बॉल ग्रीनवर किती फूट जातो ते मोजतात) मोजणी केली तेव्हासुद्धा सरासरी साधारण साडेसहा फूट आली होती, आणि तुम्ही गेममध्ये ठेवला असणार बारा-तेरा, कारण डिफॉल्ट तसा असतो आणि टीव्हीवर तसं बघायची सवय आहे. साधा हिशोब आहे, स्टिंप तेराला सहा टक्के उतारावर बॉलला थांबायला घर्षण जवळजवळ पुरतच नाही, तो जातच राहतो, साडेसहाला तोच उतार नुसता मजेदार पट होतो. ग्रीन चुकलेली नाही, स्पीड चुकलाय. खऱ्या ओपनला सुद्धा सेंट अँड्र्यूजला ग्रीन बाकी मोठ्या (मेजर) स्पर्धांपेक्षा हळू ठेवतात, वाऱ्यामुळे. तरी २०१५ ला शनिवारी अकराव्यावर वाऱ्याने बॉल आपोआप हलायला लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबला.

तर अकराव्याचा उतार कृपा करून कमी करू नका. स्पीड आठच्या आसपास आणा.

लांब_ड्राइव्ह

एक सोपा उपाय सांगतो, उंची दीडपटीने वाढवा. स्क्रीनवर कॅमेऱ्यामुळे सगळं सपाट दिसतं, खरे चढउतार जाणवत नाहीत. मी दुसऱ्या एका लिंक्स (समुद्राकाठच्या) कोर्सला केलं होतं, एकदम भारी दिसायला लागला.

वाऱ्यावरची_पिन

दिसायला भारी, मान्य. पण दीडपट म्हणजे चार टक्क्यांची ग्रीन सहा टक्क्यांची झाली, मग पुन्हा तीच घसरगुंडी. ओल्ड कोर्सवर तर नकोच, तो मुळात बऱ्यापैकी सपाटच आहे, पहिल्या टीवर उभं राहिलं तर समोर माळरान वाटतं. त्यातले फूट-दोन फुटांचे उंचसखल भागच सगळा खेळ करतात, ते फुगवले की दुसराच कोर्स होतो. करायचंच असेल तर लांबचे ढिगारे आणि गॉर्सची झुडपं जिथे फक्त डोळ्यांना दिसतात तेवढेच थोडे उचला, जिथे बॉल पडतो तिथे नाही.

लांब_ड्राइव्ह

हम्म, ग्रीन वेगळी ठेवून बाकीचं वाढवायचं डोक्यात आलं नव्हतं. माझ्या कोर्सवर पण लोक पटिंगबद्दल तक्रार करायचे, आता कळलं का ते.

वाळूची_रेघ

मी फारशी लिहीत नाही इथे पण चार महिने वाया गेले असं तुम्हाला वाटू नये म्हणून लिहितेय. लाँग आयलंडवर लिडो नावाचा कोर्स होता, मॅकडोनाल्ड आणि रेनर या डिझायनरांचा, खाडीतली वाळू पंपाने उपसून दलदलीवर अख्खी जमीन तयार केली होती आणि वर कोर्स. १९४२ ला अमेरिकन नौदलाने जागा घेतली आणि कोर्स संपला. लायडार कुठून आणणार, जमीनच राहिली नाही. पीटर फ्लोरीने जुने फोटो आणि नकाशे जमवून तो द गोल्फ क्लब २०१९ या गेममध्ये होल होल करून उभा केला, आणि पुढे त्याच मॉडेलवरून टॉम डोक या कोर्स डिझायनरने विस्कॉन्सिनमध्ये सँड व्हॅलीला खरा लिडो बांधला, २०२३ ला उघडला. म्हणजे गेममधल्या जमिनीवरून बुलडोझर चालले! आणि अठरावं होल मूळचं कोणाचं माहितीय, मॅकेन्झीचं, १९१४ च्या एका मासिकाच्या स्पर्धेत त्याने पाठवलेलं डिझाइन.

फोटो वापरताना एक गोष्ट बघा, सावल्या. सकाळ-संध्याकाळच्या फोटोत उंचवट्याची सावली लांब पडते, फोटोत माणूस असेल तर त्याची सावली आणि उंचवट्याची सावली ताडून उंची बऱ्यापैकी काढता येते. दुपारच्या फोटोत काहीच कळत नाही.

सतरावं_होल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहिलंत. आठवडाभर तुमचं सगळं करून बघितलं म्हणून उशिरा लिहितोय.

फाइलची तारीख बघितली, २०१३ नंतरची निघाली. म्हणून १९२४ चा मोह सोडला, हा कोर्स २०१५ चा करायचा ठरवला, मॅकेन्झीच्या नकाशावरून पुढे वेगळा करीन. सगळ्या ग्रीनच्या बाहेरची जमीन कच्च्या डेटातून परत आणली, म्हणजे स्मूथ केलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. रोड बंकरची भिंत तीनदा पाडून बांधली. ग्रीनचा स्पीड साडेआठ, फेअरवे कडक, आणि आता तीस यार्डांवरून पटर काढावासा वाटतो जे आधी एकदाही वाटलं नव्हतं.

काल सतराव्यावर ग्रीनच्या पुढच्या कडेवरून डावीकडच्या मागच्या पिनसाठी वीस पट मारले, एकाच जागेवरून, जोर थोडा थोडा बदलून. सहा बंकरमध्ये गेले. त्यातला एक तर होलच्या दिशेने नीट चालला होता, मधेच सुस्तावला, काठावर क्षणभर थांबला असं वाटलं आणि मग गेला आत.

बर्न अजून बाकी आहे. पहिल्या ग्रीनसमोरच्या कडांचा जवळून काढलेला फोटो कोणाकडे असेल तर प्लीज टाका, पाण्यापासून गवतापर्यंत किती उंची आहे तेवढंच कळायला हवंय.

वाळूची_रेघ

आहे माझ्याकडे, काठावर एक जण चेंडू काढायला वाकलाय असा, संध्याकाळचा. रात्री टाकते.