मदत हवी आहे: कोकमातलं रंगद्रव्य आम्लापासून वेगळं कसं करू?

नमस्कार मंडळी, नेरुळला एमएस्सी करतेय. कोकमाच्या सालीतल्या लाल अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे यकृताच्या हेप-जी-२ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) साठलेली चरबी कमी होते का, हे बघायचंय. अशी रंगद्रव्यं एएमपीके (पेशीतली ऊर्जा सांभाळणारं एंझाइम) जागं करतात आणि चरबी मायटोकाँड्रियात जळायला जाते, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लही भरपूर, आणि ते स्वतःच चरबी बनवणारं एंझाइम अडवतं! मग श्रेय नेमकं कोणाचं?

सी-१८ कार्ट्रिजवर (रंगद्रव्य धरून ठेवणारी छोटी नळी) आम्ल धुऊन काढायचा विचार आहे. शिवाय पेशी वाढवायच्या ७.४ पीएचच्या माध्यमात रंग जांभळट पडून उतरत जातो, तर पेशींना अर्क किती तास द्यावा? ठाणे-नवी मुंबईत कुणी हे केलंय का? आम्ल पूर्ण निघालं का, हे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कुठे तपासून मिळेल?