प्रायव्हसी हवी असते, पण कोणापासून?

वर कोणीतरी लिहिलंय की चाळीत वाढलेल्यांना प्रायव्हसीचं काही पडलेलं नसतं. मला हे अजिबात पटत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळीत दारं दिवसभर उघडी असायची हे खरंय, पण कुठलं बोलणं गॅलरीत आणि कुठलं आतल्या खोलीत हे पोरासोरांनाही कळायचं. आजही तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर लास्ट सीन बंद, स्टेटस काका-मामा वगळून बाकी सगळ्यांना आणि लोकलमध्ये शेजारणीला दिसू नये म्हणून मोबाईलला काळी काच. म्हणजे लपवायचं बरोबर कळतं, फक्त धास्ती कंपनीची नाही, नातेवाईकांची असते. बघा ना, २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून एवढा गदारोळ झाला, कितीतरी जणांनी सिग्नल हे दुसरं मेसेजिंग अ‍ॅप घेतलं, पण फॅमिली ग्रुप होता तिथेच राहिला मग काय करणार.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कामाला येणाऱ्या मावशींचं आधार कार्ड टाकलं, फोटो, नंबर, गावचा पत्ता सगळं दिसतंय, त्यांना विचारलं पण नाही आणि खाली लोकांचे अंगठे! २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तो मावशींनाही आहे ना? व्हेरिफिकेशन हवं तर मास्क्ड आधार घ्या, त्यात आधार नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि ते सेक्रेटरीकडे राहू दे, ग्रुपवर कशाला?